फक्कीच्या रेघेत ठेवलेला दगड

लटारूचा उजवा हात डोक्याच्या आधी चालायचा. हे त्याची बायको सांगायची, सासू सांगायची, आणि मूल गावच्या जुन्या बसस्टँडवर ज्यांनी ज्यांनी त्या हाताचा मार खाल्ला होता ते तर अगदी मनापासून सांगायचे. विशीत तो गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर ट्रकात दगड भरायच्या कामाला होता. तिथल्या मुकादमाने एकदा आईवरून शिवी दिली. लटारूने त्याचे पुढचे दोन दात पाडले आणि त्याच दिवशी काम सोडून गावी आला. सोबत काय आणलं? एक पांढरा दगड. अडीच किलोचा, एका बाजूने सपाट. बायकोने कपाळाला हात लावला तर म्हणाला, "मंग का खाली हातानं येऊ?" पुढे ऑटो घेतला तेव्हा तोच दगड चढावर चाकाखाली लावायला कामी आला.

जुन्या बसस्टँडला फाटक एकच. बसमधून उतरलेला माणूस डोक्यावर गाठोडं, काखेत पोर घेऊन त्या फाटकातून बाहेर पडतो आणि समोर जी गाडी दिसेल तिच्यात बसतो. त्यामुळे फाटकासमोरची पाच हात जागा म्हणजे सोनं. ऑटोवाले म्हणायचे ती आमची, काळी-पिवळी जीपवाले म्हणायचे आमची. रोज आईबहिणीचा उद्धार व्हायचा, कॉलर धरल्या जायच्या, आठवड्यातून एखाद्याचं नाक फुटायचं आणि पोलीस येईपर्यंत दोघंही चहा पीत बसलेले असायचे.

एकवीस वर्षांपूर्वी एका सकाळी इसरूने आपली जीप रिव्हर्स घेत घेत लटारूच्या ऑटोच्या तोंडाशी आणून लावली आणि वर खिडकीतून डोकं काढून हसला. तेवढंच. इसरू तसा वाईट माणूस नव्हता, पण त्याचं ते हसू त्या दिवशी चुकीच्या माणसापुढे झालं. लटारूने सीटखालचा जॅकचा लोखंडी दांडा काढला, इसरूला खाली ओढलं आणि तीन दणके घातले. पहिला पाठीवर, दुसरा खांद्यावर. तिसरा चुकवायला इसरूने उजवा हात वर केला आणि तो दणका कोपरावर बसला. हाडाचा आवाज झाला, चुलीत घालायला काटकी मोडतात तसा. लटारू थांबला तो त्या आवाजाने.

लटारू तुरुंगात गेला आणि काही महिन्यांनी सुटून आला. इसरूचा हात वाकडाच जुळला, स्टिअरिंग काही फिरेना. जीप भावाकडे गेली आणि इसरू सावली गावाला जाणाऱ्या दुसऱ्यांच्या जीपसाठी सवाऱ्या बोलवायला लागला. वाळका हात शर्टात अडकवून दिवसभर ओरडायचा, "चला सावली, सावली, सावली!" लटारू समोरच ऑटोत बसून हे ऐकायचा. ते त्याला फार लागायचं. जेवण गोड लागत नव्हतं म्हणा ना! पण माफी मागायची तर तोंड उघडावं लागतं, आणि लटारूचं तोंड शिव्यांपलीकडे कशाला उघडायला शिकलंच नव्हतं.

मग एक दिवस त्याने चाकाखालचा तो पांढरा दगड उचलला, फाटकाजवळच्या भिंतीपाशी ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आजपासून ज्याचा दगड पुढं त्याची गाडी पुढं. ऑटो असो का जीप."

यात नवीन काही नव्हतं. आठवडी बाजारात जागा अशीच धरतात. पहाटे येऊन दगड ठेवला की ती जागा तुमची, मग तुम्ही खुशाल घरी जाऊन आंघोळ करून या. दुसऱ्याच्या दगडाला हात लावणारा माणूस तिथे कुणी जन्मलेला नाही. बसस्टँडवर मात्र हे कुणाला सुचलं नव्हतं. मग इसरू आला, डाव्या हाताने एक काळा दगड त्या पांढऱ्याच्या मागे ठेवला आणि निघून गेला. नियम एकच झाला, दुसऱ्याच्या दगडाला हात लावेल त्याची गाडी आठ दिवस बाहेर.

वीस वर्षं त्या फाटकावर रक्त सांडलं नाही. डोळे अधू झाल्यावर लटारूने ऑटो विकला, पण नंबर सांभाळायचं काम सोडलं नाही. जीपवाल्यांचे दगड इसरू सांभाळायचा. एकाच भिंतीच्या दोन टोकांना दोघं बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. फारच गरज पडली तर मधल्या पानठेल्यावाल्याला मध्यस्थ करायचे. "त्या माणसाले सांग, त्याचा तिसरा नंबर गेला म्हनून." दहा हातांवरचा इसरू ते ऐकून मान डोलवायचा. राग आला की लटारू उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा. कधी कधी तासभर बसायचा, हाताला मुंग्या यायच्या, पण काढायचा नाही. या गोष्टीची कुणी शाबासकी दिली नाही. मला विचाराल तर शंभर माणसं मारण्यापेक्षा ते अवघड काम होतं.

मग नवीन बसस्टँडचं ठरलं. गावाबाहेर दोन किलोमीटरवर, मोठ्या मैदानात. आराखडा करायला चंद्रपूरहून माधवी नावाची इंजिनियर मुलगी आली. चार दिवस ती भिंतीवर बसून बसगाड्या मोजत होती, सायकली मोजत होती, मोटारसायकली लावून चंद्रपूरला नोकरीला जाणारे मोजत होती. पाचव्या दिवशी लटारूजवळ येऊन म्हणाली, "काका, गर्दीच्या वेळी इथे किती ऑटो थांबतात?"

"दगड मोजा," लटारू म्हणाला.

ती हसली आणि खरंच मोजायला लागली. चौतीस ऑटो, पंधरा जीपा. मग तिने दगडांची सगळी कहाणी विचारून घेतली. लटारूने सांगितली, फक्त इसरूचा हात कसा मोडला तेवढं गाळलं. ते तिला पानठेल्यावाल्याने सांगितलं.

"नव्या स्टँडवर तुम्हाला कुठे जागा द्यायची?" तिने वही उघडली.

लटारूला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. त्याने समोरच्या फाटकाकडे बोट दाखवलं. "म्याडम, बसमधून उतरला का मानूस पयले कुठी पाह्यते, ते पाहा. बाहेर पडाचा रस्ता एकच ठेवा. डाव्या अंगाले ऑटो, उजव्या अंगाले जीपा. अन् दोघायलेबी तो रस्ता सारखाच दूर पाह्यजे. एक पाऊल इकडंतिकडं झालं का डोस्के फुटतीन. मी सांगून राह्यलो तुमाले."

तिने तसंच काढलं. बसला वेगळं फाटक, पायी चालणाऱ्यांना वेगळी वाट, सायकलींना शेड आणि बाहेरच्या वाटेच्या दोन बाजूंना ऑटो आणि जीपचे चौकोन, टेपने मोजून अगदी सारख्या अंतरावर. कागदावर देखणं दिसत होतं. लटारूने तो कागद घरी बायकोलाही दाखवला.

कागदावरचं जमिनीवर बसतं का हे बघायला माधवीने एका रविवारी मैदानात चुन्याची फक्की टाकून सगळा नकाशा आखून घेतला. एसटीची एक रिकामी बस आणवली. बस आत आली, वळली, आणि तिचा मागचा कोपरा जीपच्या पहिल्या पाच चौकोनांवरून सरळ फिरून गेला. दीड हात जागा कमी पडत होती. माधवीने कपाळावरचा घाम पुसला आणि मजुराला सांगितलं, "हे पाच चौकोन पायाने पुसून टाक. वाट थोडी सरकवावी लागेल. उद्या दुपारी येऊन सगळंच नव्याने आखू." मजुराने रेघा पुसल्या, बस गेली, माधवी गेली.

लटारू मागे राहिला. पांढऱ्या रेघांमधून तो फिरत होता, नव्या घराचा पाया बघत फिरतात तसा. ऑटोचा पहिला चौकोन बाहेरच्या वाटेला लागूनच होता. वीस वर्षं दुसऱ्यांचे नंबर लावले, स्वतःची गाडी आता नव्हती, पण या कागदावर आपला शब्द आहे या विचाराने तो फुगला होता. पिशवीत पांढरा दगड होता, सकाळी जुन्या स्टँडवरून येताना बरोबर घेतलेला. तो काढून त्याने पहिल्या चौकोनात बरोबर मध्यभागी ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून बघितलं. छान दिसला त्याला. तसाच ठेवून तो घरी गेला.

दगड ठेवला की जागा धरली, हे ज्याने अख्ख्या गावाला शिकवलं तोच हे विसरला. म्हातारपणी माणूस कौतुकाला भुलतो, दुसरं काय!

सोमवारी सकाळी आठपर्यंत ती बातमी सगळ्या ऑटोवाल्यांना लागली. लटारूभाऊनं नव्या स्टँडवर दगड ठेवला! म्हणजे वाटप सुरू झालं. नऊपर्यंत ऑटोच्या चौतीस चौकोनांत चौतीस दगड पडले. साडेनऊला जीपवाले धावत आले आणि त्यांना काय दिसलं? समोर ऑटोवाल्यांचे दगड रांगेने मांडलेले आणि आपले पहिले पाच चौकोन पायाने पुसलेले.

जीपवाल्यांत पुढे होता विक्की, इसरूचा पुतण्या, पंचविशीतला. काकाचीच जुनी जीप चालवायचा आणि काकाच्या हाताची कहाणी ऐकत मोठा झालेला. "आमच्या रेघा कोनं पुसल्या बे?" तो ओरडला.

"म्याडमनं पुसल्या," बातमी ऐकून आलेला लटारू पुढे झाला. "बस वळत नव्हती. आज दुपारी येऊन नवीन आखनार हाये."

"अन् तुमचा दगड कोनं ठेवला? थोबी म्याडमनंच ठेवला का?"

त्या एका क्षणात लटारूला आपली चूक कळली. "अरे तो अस्साच ठेवला होता, बाबू..." असं काहीतरी तो पुटपुटला. विक्कीने वाकून पांढरा दगड उचलला आणि लांब रस्त्यावर फेकून दिला.

दुसऱ्याच्या दगडाला वीस वर्षांत पहिल्यांदा हात लागला होता. ऑटोवाला लोकेश जवळच उभा होता. त्याने विक्कीच्या कानाखाली अशी लगावली की विक्की गुडघ्यावर बसला. उठला तो मूठभर फक्की घेऊनच, आणि ती त्याने लोकेशच्या डोळ्यांत घातली.

मग कुणी कुणाचं राहिलं नाही. बाकीचे दगड तर समोर मांडूनच ठेवले होते. नंबराचे दगड डोक्यावर बसायला लागले. एका जीपची काच फुटून आतल्या ड्रायव्हरच्या तोंडावर आली आणि तो लाल तोंडाने बाहेर पडून दिसेल त्याला हाणत सुटला. कुणी ऑटोचा आरसा उपटला, कुणी चाकाचा पाना काढला, कुणी पट्टा. दोघांनी एकाला फक्कीत लोळवून लाथांनी तुडवलं, त्याच्या बरगड्या मोडल्या. एक ऑटो उलटा केला गेला आणि त्याखाली एकाचा पाय सापडला. तो बोंबलत होता आणि त्याच्या शेजारीच दोघं एकमेकांचे गळे दाबत होते. वर्षानुवर्षं एका ठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारी ही माणसं! पांढऱ्या रेघा पायाखाली गेल्या आणि त्यांच्यात लाल मिसळलं.

इसरू शेवटी पोहोचला. डावा हात वर करून तो मधे घुसला. "थांबा बे! थांबा! लेकरंबाळं हायेत तुमाले!" त्याचा आवाज सवाऱ्या बोलवून बोलवून कमावलेला होता, पण त्या दिवशी कुणी ऐकला नाही.

लटारू रस्त्यावर गेला होता आपला दगड आणायला. खरं सांगतो, नुसता उचलून पिशवीत घालायला. दगड हातात घेऊन तो वळला तेव्हा त्याला लोकेश उताणा पडलेला दिसला, फक्कीने आंधळा झालेला. विक्की त्याच्या छातीवर बसून चाकाच्या पान्याने त्याचं तोंड फोडत होता. एकदा, दोनदा, तीनदा. लोकेशचा जबडा एका बाजूला गेला होता.

उजवा हात मांडीखाली दाबायला त्या वेळी मांडी नव्हती. लटारू धावत गेला आणि दोन्ही हातांनी नाही, एकाच हाताने, त्याच हाताने, दगड उचलून विक्कीच्या डोक्यावर आणला. सगळ्या जोरानिशी आणला. विक्की तिथेच संपला असता. पण मधे एक पंजा आला. इसरूने पुतण्याचं डोकं झाकायला आपला डावा हात वर धरला होता, चांगला होता तेवढा एक.

पुन्हा आवाज झाला. लटारूने तो ओळखला.

मारामारी आणखी दहा मिनिटं चालली, कारण बाकीच्यांना काय झालं हे कळलंच नाही. पोलिसांच्या गाडीचा आवाज आला तेव्हा लटारू खाली बसून इसरूचा हात आपल्या धोतरात गुंडाळत होता आणि इसरू त्याच्याकडे बघत होता. शिवी नाही, रडणं नाही. नुसता बघत होता. अकरा जण दवाखान्यात गेले. दगड घेऊन लटारू स्वतःच ठाण्यात गेला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "हा माझा. मीच मारला."

पाच आठवड्यांनी त्याला जामीन झाला. बाहेर माधवी उभी होती. वाळली होती पोरगी. म्हणाली, "काका, चूक माझी. रेघा पुसून मी तशीच निघून गेले."

"तुमच्या रेघा दुपारी नवीन झाल्या असत्या," लटारू म्हणाला. "माझा दगड तर मीच ठेवला ना." मग म्हणाला, "एक काम करा म्याडम. थ्या मैदानात सगळीकडं पक्कं सिमेंट टाका. एकबी सुटा दगड ठेवू नका."

तिने वहीत लिहून घेतलं.

घरी आल्यावर बायकोने त्याला इसरूचं सांगितलं. इसरूच्या डाव्या पंजाची दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, तरी बोटं वळत नव्हती. त्याची बायको गुणाबाई राइस मिलवर कामाला; सकाळी जायची ती संध्याकाळी परत यायची. ती ताटात भात कालवून ठेवून जायची आणि दुपारी इसरू जमिनीवर गुडघे टेकून ताटात तोंड घालून खायचा. शेजारणीने दारातून पाहिलं होतं.

लटारूने दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यात वरणभात घेतला आणि इसरूच्या घरी गेला. समोर बसला, घास केला, पुढे धरला. इसरूने भिंतीकडे तोंड फिरवलं. घास सुकेपर्यंत लटारूने हात तसाच धरला, मग डबा झाकून घरी आला.

दुसऱ्या दिवशी इसरूने डब्याला लाथ मारली. भात अंगणभर झाला. लटारूने शितं वेचली, कोंबड्यांना टाकली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी इसरू बोलला. वीस वर्षांनी, मधे कुणी मध्यस्थ न ठेवता. "दोन्ही हात घेतले माझे. आता काऊन येतेस इथी? का पाय मोजाले आला?"

"मले बोलता येत नाई इसरू," लटारू म्हणाला. "तेव्हाबी नाई आलं."

"मंग जा."

तो गेला. चौथ्या दिवशी पुन्हा आला. घास केला, पुढे धरला. इसरूने बराच वेळ त्या हाताकडे बघितलं, त्या जाड बोटांकडे, आणि तोंड उघडलं. लटारूने घास आत दिला आणि त्याच क्षणी इसरूने दात मिटले. घासावर नाही, बोटांवर. गच्च. एकवीस वर्षांचं सगळं त्या जबड्यात आलं. कातडं फाटलं, दात आत रुतले, रक्त इसरूच्या ओठांवरून हनुवटीवर आलं आणि भातात पडलं. लटारूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरा हात त्याचा मोकळा होता. एक झटका दिला असता तर बोटं सुटली असती. त्याने डावा हात मांडीखाली दाबला आणि उजवा तसाच ठेवला. इसरू चावत होता आणि चावता चावता रडत होता, नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं त्याच्या.

शेवटी त्याचा जबडा आपोआप सैल झाला. तोंडातला रक्ताचा भात त्याने बाजूला थुंकला आणि धापा टाकत भिंतीला टेकून बसला. लटारूने दुपट्टा बोटांना गुंडाळला आणि चांगला भात घेऊन डाव्या हाताने दुसरा घास केला.

इसरूने मान हलवली.

"तो नाई," तो म्हणाला. "त्याच हातानं."

लटारूने दुपट्टा सोडला. उजव्या हाताने घास केला आणि पुढे धरला. इसरूने तोंड उघडलं आणि खाल्ला.